बेनना अजून बघायचं होतं

बेनना पोराचं नाव नंतर, वय आधी हवं असायचं. "सुरतेत आली तेव्हा केवढी होती तू?" कुठल्या वयाचं पोर नवी भाषा कसं उचलतं, याचं आमच्या गोडादरा वस्तीतल्या या गुजराती शिक्षिकेला भारी कुतूहल. स्वतः पन्नाशीत आम्हा खानदेशी पोरांकडून मराठी शिकायच्या. "मी भाकरी खाल्ला" म्हणायच्या, आम्ही फिदीफिदी हसलो की खूश! "बघा, पिकलेल्या डोक्यात किती वेळ लागते!"

वर्गात रोज एकाने घरचा स्वयंपाक गुजरातीत सांगायचा. बेन चूक कधी काढत नसत. तेच वाक्य नीट करून सहज परत म्हणत.

आम्ही आलो तेव्हा मी अकराची, भाऊ पाचाचा. तो पठ्ठ्या थोड्याच दिवसांत गल्लीभर गुजराती बडबडू लागला. माझ्या तोंडाला कुलूप. कापडाच्या लूमवर राबून येणाऱ्या वडिलांनी, बापूंनी, ठरवूनच टाकलं, पोरगी मठ्ठ आहे, गावी काकांकडे धाडायची. मी ढसाढसा रडले.

बेनना कळताच त्या घरी आल्या. म्हणाल्या, "भाकरी कशी करतात, दोघं गुजरातीत सांगा." भावाने पीठ, पाणी, तवा असे नुसते शब्द फेकले नि हातांनी थापून दाखवलं. मी आधी ओठांतल्या ओठांत पुटपुटले. मग पीठ मळण्यापासून भाकरी फुगेपर्यंत सगळं सांगितलं, अडखळत, पण पूर्ण वाक्यांत. बेन बापूंकडे वळल्या.

"मोठी पोरं आधी मनात जुळवतात, पाटीलभाई. बारकी बोलता बोलता जुळवतात."

"मग पुढे कोण जाईल?"

"ते मला पण बघायचंय. दोघांना इथेच ठेवा."

मी राहिले. दरवर्षी निकाल लागला की बापू विचारायचे, "झालं का बघून, बेन?" आणि बेन मान हलवायच्या, "अजून नाही. एक वर्ष थांबा."

मी बारावी झाले त्या उन्हाळ्यात बेन मुलाकडे बडोद्याला निघाल्या. सामान रिक्षात चढवताना बापूंनी पुन्हा विचारलंच, "आता तरी सांगा, कोण पुढे गेलं?"

"तुमचा छोकरा. तो तर केव्हाच पुढे गेला. आता तो मराठी आहे हे गुजराती माणसालासुद्धा ओळखू येत नाही."

"मग इतकी वर्षं बोलल्या का नाहीत?"

बेननी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बोलले असते, तर हिला गावी पाठवलं असतं ना तुम्ही?"