खालची बांधी

माझ्या व्याह्यांनी, आमच्या बोलीत इवाईबुवांनी, मला फसवलं, हे आधीच सांगून टाकतो. तुमसरच्या धान्यबाजारात पोती वाहता वाहता मी अडत्या झालो. आजवर माझ्याशी सौदा करून हसत उठलेला माणूस हा एकच.

खरं तर मुलीच्या लग्नातच मला अंदाज यायला हवा होता. भर वैशाखात त्यांनी सभागृहातला मधला पंखा लावू दिला नाही, कारण पंख्याच्या वाटीत चिमणीचं घरटं होतं. पाहुणे लग्नपत्रिकांनी वारा घेत होते, भटजींचा घाम होमात पडत होता. मी भडकलो, तर म्हणाले, "इवाईबुवा, घामानं कोणी मरत नाही." शहापूरजवळ महामार्गावर कासव दिसलं की हे मोटारसायकल आडवी लावणार आणि ट्रकवाले आईमाईवरून शिव्या देत असताना शांतपणे सांगणार, "ते तुमच्या आधी निघालं घरून." सापाला दादा म्हणतात, बेडकाला वाट देतात. माणसाकडे, विशेषतः माझ्याकडे, मात्र हे जनावर अजून सुधारलं नाही अशा नजरेनं बघतात.

त्यांची तळ्याखालची धानाची शेती, म्हणजे उतारावर एकाखाली एक बांध्या, भाताची खाचरं, मी विकत घेतली. मी सांगितलेला भाव त्यांनी घासाघीस न करता कबूल केला. तिथंच सावध व्हायचं होतं. मग म्हणाले, "सगळ्यात खालच्या बांधीत सारसाचा जोडा येते. तो येत राहीन तोवर त्या बांधीले हात नाही लावाचा. मंजूर असन त बोला."

दोन पाखरांसाठी कोण सौदा मोडतो? मी शब्द दिला. शेत माझं झालं तरी हे रोज सकाळी स्टीलच्या गिलासात चहा घेऊन माझ्याच शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, बसायचे आणि जोड्याकडे बघायचे, सुनेचं बाळंतपण असल्यासारखे.

गेल्या पावसाळ्यात घरट्यात दोन अंडी होती आणि माझ्या धानावर तुडतुडे. औषधवाला म्हणाला, "पाखराले काही होत नाही, शेटजी." मी वरच्या सगळ्या बांध्या फवारल्या, खालची सोडली. शब्द पाळला म्हणून स्वतःवर खूशही झालो. दुसऱ्या दिवशी पाऊस आला आणि वरचं पाणी बांधीबांधीतून खाली उतरलं. धानाचं पाणी खालीच उतरतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

आधी बेडूक उलटे तरंगले, मग मासोळ्या. मग घरट्याशेजारी जोड्यातलं एक पाखरू पडलं. दुसरं तीन दिवस उभं राहून ओरडत होतं. चौथ्या दिवशी ते नव्हतं. अंडी तशीच होती, थंडगार.

व्याह्यांनी आपल्या दुपट्ट्यात गुंडाळून ते पाखरू पुरलं. मी भांडायच्या तयारीनंच गेलो होतो. म्हटलं, "मी त्या बांधीले हात नाही लावला."

"नाही लावला," ते म्हणाले.

यंदा तिथं कोणी आलं नाही. व्याही मात्र रोज येऊन बसतात, आता दोन गिलास घेऊन. मी थोडा लांब बसतो. चहा गोड असतो, तेच सहन होत नाही. औषधवाला म्हणतो, मी फक्त विकलं. मी म्हणतो, मी फक्त वर फवारलं. पाऊस तर काही बोलतच नाही. मग त्या दोन अंड्यांचा जबाब कोणी द्यायचा? इवाईबुवा, शिव्या द्या, कॉलर धरा, पण रिकाम्या बांधीकडे असं बघत बसू नका. बोला, कोणी द्यायचा?