आधी कंदील सोडू

"आत्ताच नको, मास्तर. आदी कंदील सोडू."

हे म्हणताना मुकादमांचे दोन्ही हात आपोआप पुढे यायचे. एकाखाली एक मूठ, आणि मुठींमधून न दिसणारा दोर हळूहळू सुटतो आहे. चहा फार गरम असला तरी हेच. लेकीला स्थळ आलं तेव्हाही हेच. एकदा मिरजेची बस समोर उभी असताना त्यांनी हात पुढे केले, सावकाश दोर सोडला, आणि बस निघून गेली. "गर्दी लय होती," ते मला म्हणाले. बस रिकामी होती. मी पाहिली होती.

असा एखादा सावध माणूस तुमच्याही ओळखीत असेल. पण तुमचा सावध माणूस विज्ञानकथा लिहीत नसणार. आमचा लिहायचा.

सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची जी थोडी पेवं अजून वापरात आहेत, त्यांतल्या काहींचे ते मुकादम. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेला खोलीएवढा रांजण. वरचं तोंड एका माणसापुरतं. आत हळद भरायची, तोंडावर फरशी टाकायची, मातीनं लिंपून घ्यायचं. आत हवा नाही म्हणून कीड नाही, आणि हळद वर्षानुवर्षं जशीच्या तशी. पण हवा नाही म्हणजे ती माणसालाही नाही. म्हणून पेव उघडलं की काही तास तसंच ठेवतात, मग दोराला कंदील बांधून खाली सोडतात. कंदील जळत राहिला तरच हमाल उतरतो. मुकादमांनी आयुष्यभर हेच केलं, आणि त्यांचा एकही हमाल कधी खाली राहिला नाही. याचा त्यांना अभिमान होता. दुसरा कसला नव्हता.

माझं सांगलीत टायपिंगचं दुकान. वडिलांची इन्स्टिट्यूट होती, म्हणून कुणाला काहीही न शिकवता मी मास्तर झालो. माझ्याकडे आलेल्या गिऱ्हाइकाला अर्जाच्या आधी एक किस्सा मिळतो. वैरी म्हणतात, फक्त किस्साच मिळतो.

एका दुपारी मुकादम आले आणि काउंटरवर पिवळ्या कागदांचा गठ्ठा ठेवला. जुन्या पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूला लिहिलेलं, हळदीच्या वासानं घमघमणारं.

"काय आहे?"

"गोष्ट हाय. विज्ञानाची."

मी हसलो. मग वाचायला घेतली. आटपाडीकडच्या एका मेंढपाळाला कातरलेल्या लोकरीत येणारा पाऊस ऐकू येतो, लोकर कानाला लावायची की झालं. आणि एका वर्षी लोकर गप्प बसते. बस, इतकंच. भर उन्हाळ्यात माझ्या हातावर काटा आला. दुसऱ्या एका गोष्टीत साखर कारखान्याच्या काट्यावर रिकामी बैलगाडी भरल्या गाडीएवढं वजन दाखवते, आणि बैल मागे वळून बघायला तयार नसतात. मी विचारलं, "गाडीत काय असतं?"

"ते मला कसं ठाऊक असणार? मी बैलांच्या बाजूनं लिवलंय."

संपादकांनाही हाच प्रश्न पडायचा. कल्पना छान, शेवट नाही, असं कळवून कथा परत यायच्या. मुकादम त्या निरोपांना तक्रार मानत नसत. "खरं हाय त्यांचं," म्हणायचे.

त्यांची लिहायची रीत मी एकदा मुद्दाम बघायला गेलो. रिकाम्या पेवाच्या तोंडाशी ते पालथे पडले आणि आपली गोष्ट एकेक ओळ खाली वाचू लागले. पहिली ओळ घुमून परत आली. त्यांनी पेन्सिलीनं खोडली. दुसरीही आली. तिसरी आत गेली आणि परत आलीच नाही. विहिरीत खडा टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये तसं. मी उगाचच दोन पावलं मागे सरकलो.

"परत आलं ते खोटं," ते अंगावरची माती झटकत म्हणाले. "पेवानं ठिवून घेतलं ते खरं."

"आणि सगळंच परत आलं तर?"

"मग मुकादमकी हायच की."

उरलेल्या ओळी घेऊन ते दुकानात यायचे. मी मोबाइल पुढे धरायचो आणि ते वाचायचे. हल्ली मोबाइलला ऐकवलं की तो मराठीत लिहितो, तुम्हाला ठाऊक आहेच. पडद्यावर एक निळा ठिपका आवाजाबरोबर लहानमोठा होतो. मुकादमांना तो ठिपका फार आवडायचा. "श्वास घेतोय बघा गडी," म्हणायचे.

मग ती कथा आली, पेवाचीच. तिच्यातल्या राखणदाराला कळतं, की जिथे हवा नाही तिथे काहीच जुनं होत नाही, आवाजसुद्धा. एका सुगीला तो पेवात हाक मारून फरशी लावतो. पुढच्या वर्षी फरशी काढतो तर त्याचीच हाक बाहेर येते, वर्षभर ताजी. तो कडेला बसतो, एक पाय आत सोडतो. इथे कथा थांबलेली.

पुण्याच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी कळवलं, कथा घेतो, दोन दिवसांत शेवट पाठवा. चांगला अंक होता. मुकादमांची ही छापून येणारी पहिली गोष्ट ठरणार होती. आणि मुकादम गेलेले मेढ्याला, लेकीच्या डोहाळजेवणाला. फोन लागेना. जाण्याआधी एवढंच बोलले होते, "शेवट अजून न्हाई, मास्तर. लिवलेले समदे परत आले."

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? मी चार ओळी लिहिल्या आणि कथा पाठवून दिली.

त्या ओळी मला आजही पाठ आहेत. "तो उतरला आणि वर आला. त्याचा आवाज मात्र खालीच राहिला. ओळखीच्यांना तो सवयीनं ऐकू येत राहिला, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि ज्यांना त्याची सवय होती, त्यांना खालचा आवाज कधीच ऐकू आला नाही."

लिहिल्यावर मी स्वतःवरच खूश होऊन एक जादा चहा मागवला होता.

अंक आला तसा मी तो नाचवत हरिपूरला नेला. मुकादमांनी उभ्याउभ्याच पानं उलटली. शेवटच्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"ह्या चार ओळी कुणाच्या?"

"तुमच्याच कथेच्या."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. ते म्हणाले, "मास्तर, तुमी कंदील न सोडताच उतरलासा."

मग ते रिकाम्या पेवाशी गेले, पालथे पडले, आणि माझ्या चार ओळी खाली वाचल्या. मी उभा राहून प्रतिध्वनीची वाट पाहत होतो. परत यावा म्हणून मनातल्या मनात विनवत होतो. काही आलं नाही. एरवी पेवाच्या तोंडाशी जी बारीकशी घुमघुम असते, तीही थांबली होती.

"ठिवून घेतलं," मुकादम म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी एका व्यापाऱ्याची हळद त्या पेवात भरली आणि फरशी लिंपली गेली.

पंधरा दिवसांनी मुकादम नवी गोष्ट घेऊन आले. मी मोबाइल धरला, त्यांनी वाचायला सुरुवात केली. ठिपका हलेना. "जरा मोठ्यानं," मी म्हटलं. ते मोठ्यानं वाचू लागले. पडदा कोरा. मी मोबाइल पुसला, फुंकला, शेवटी स्वतः "हॅलो, हॅलो" म्हटलं. ठिपका टुणकन फुगला आणि दोन हॅलो उमटले. पुन्हा मुकादम. मला प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येत होता आणि ठिपका मेल्यासारखा पडला होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"रेंज नसंल," ते म्हणाले. माझी लाज राखायला म्हणाले, हे मला तेव्हाच कळलं.

मग हरिपूरच्या बसमध्ये नवा कंडक्टर भेटला. "कुठं जायचं, काका?" मुकादम म्हणाले, "हरिपूर." त्यानं पुन्हा विचारलं. ते पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा मी मध्ये पडलो, "दोन हरिपूर." कंडक्टरनं तिकिटं फाडली आणि मला हळूच विचारलं, "मुके हायत व्हय?"

मुकादम खिडकीबाहेर बघत राहिले. मी तिकिटं मोजू लागलो, दोनच होती.

अशात साताऱ्याहून पत्रिका आली. नव्या लेखकांचा मेळावा होता, आणि मुकादमांचं कथावाचन. नावाआधी छापलं होतं, 'उदयोन्मुख विज्ञानकथाकार'. त्यांनी ते दोनदा वाचलं. "उगवायला चोपन्न वर्सं लागली. आता मावळायला किती घेतो बघू."

पण जायचा दिवस उजाडला आणि कराडच्या स्टँडवर चहा पिताना ते म्हणाले, "मागं फिरूया का? तितं समदे अनोळखी."

"मला कंदील समजा," मी म्हटलं. "मी पुढच्या रांगेत बसतो. मी जळतोय तोवर वाचा."

हॉल भरला होता. मुकादमांनी इस्त्रीच्या शर्टाच्या खिशातून कागद काढले आणि पेवाची कथा वाचायला लागले. दोन मिनिटांत मागून कुणीतरी म्हणालं, "आवाज नाही." माइकवाला धावत आला, बोटानं टकटक केली. टकटक शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत गेली. मुकादम थांबले नाहीत. इतकं सुंदर वाचन मी कधी ऐकलं नव्हतं. राखणदाराची हाक आली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. शेजारच्या बाई माझ्याकडे झुकल्या. "ते नुसते ओठ का हलवतायत?"

राखणदारानं पाय आत सोडला तिथे मुकादम थांबले. माझ्या चार ओळी त्यांनी वाचल्या नाहीत. कागद मिटला आणि माझ्याकडे पाहिलं. सभागृहात चुळबुळ सुरू झाली होती. मी उठलो, व्यासपीठावर गेलो, म्हटलं, लेखकांचा घसा बसला आहे, आणि ती कथा मी वाचली. अगदी हातवारे करून. टाळ्या पडल्या. मुकादमही टाळ्या वाजवत होते. त्यांच्या टाळ्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

परतीच्या बसमध्ये कराड मागे पडेपर्यंत ते कागदाच्या घड्या सरळ करत राहिले. मग म्हणाले, "चांगलं वाचलंत." त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. थोड्या वेळानं म्हणाले, "ते पेव उघडायला पायजे, मास्तर. लेकीला पोरगा झालाय. त्यानं मला अजून ऐकलंच न्हाई."

मी व्यापाऱ्याकडे गेलो. हातापाया पडलो, किस्से सांगितले, थापाही मारल्या. तो म्हणाला, भाव चढल्याशिवाय पेव उघडणार नाही, आणि कारण काय? कारण मी सांगू शकलो नाही. तुम्हाला इतकं सविस्तर सांगतोय, त्याला एक शब्द सांगता आला नाही.

पावसाळ्यात मुकादम मेढ्याला लेकीकडे गेले आणि चार दिवसांच्या तापात तिथेच संपले. लेकीचा फोन आला. "बाबा शेवटपर्यंत बाळाला मांडीवर घेऊन गोष्टी सांगत होते, काका. मला सगळं ऐकू येत होतं. बाळ मात्र त्यांच्या तोंडाकडं बघायचंच न्हाई. असं का ओ?"

मी म्हटलं, लहान आहे अजून.

परवा त्या व्यापाऱ्याचं पेव उघडलं. मी सकाळपासून तिथे जाऊन बसलो होतो. हमाल नवे होते, जतकडचे. मुकादमांना त्यांनी कधी पाहिलं-ऐकलेलं नव्हतं. फरशी निघाली. दुपारपर्यंत तोंड उघडं ठेवलं. मग एक हमाल कमरेला दोर बांधू लागला.

"आत्ताच नको," मी म्हटलं. "आधी कंदील सोडू."

माझे हात पुढे आले होते. या वेळी दोर खरा होता. कंदील हेलकावत खाली गेला, हळदीच्या राशीवर टेकला आणि जळत राहिला.

हमाल तोंडाशी वाकला आणि तसाच थांबला. "खाली कोन हाय?"

"कुणी नाही. वर्षभर बंद होतं."

"न्हाई, कोन तरी बोलतंय." दुसरा वाकला, तिसरा वाकला. "गोष्ट सांगतंय रं कोन तरी. हळू बोल, हळू."

मी पालथा पडलो, डोकं आत घातलं. हळदीचा वास आला. गरम दमट हवा आली. बाकी काही नाही. माझ्या कानांत मुकादम आधीच भरून बसले होते, दुसऱ्या मुकादमांना जागा नव्हती. माझ्याच चार ओळी होत्या, कुणाला दोष देणार?

"काय सांगतंय?" मी विचारलं. "शेवट काय आहे?"

"आवं, गप बसा की जरा," तो हमाल माझ्याकडे न बघता म्हणाला. "ऐकू द्या."

मी मेढ्याला फोन लावला आणि स्पीकर चालू करून मोबाइल पेवाच्या कडेला ठेवला. लेक म्हणाली, "काका, काय न्हाई ओ. नुसतं सूं सूं येतंय."

"बाळाच्या कानाला लावा."

तिच्या बांगड्या वाजल्या. मग तिचा आवाज आला, अगदी बारीक. "काका, हा हसतोय. फोन सोडंना झालाय."

शेवट काय होता ते मला विचारू नका. मला तो ठाऊक नाही. हमाल पेवाभोवती उकिडवे बसले होते, खाली कंदील जळत होता आणि दोर माझ्या हातात होता. ते उठेपर्यंत मी तो ओढला नाही.