कर्नल आणि मी

कर्नल रस्त्याने चालताना कुणाच्याही मागे राहत नसत. तोच रोग मलाही होता. त्यामुळे ग्वाल्हेरच्या सराफ्यातून गप्पा मारत निघालेले आम्ही दोघे महाराजबाड्यावर पोहोचेपर्यंत जवळजवळ धावत असू.

खरे तर ते इंदूर संस्थानाचे साधे बँडवाले. पण ताठा असा, की सगळे त्यांना कर्नलच म्हणत. संस्थाने विलीन झाली, तिकडचे वादक आमच्या ग्वाल्हेरच्या बँडात आले आणि कॉर्नेट, म्हणजे छोटे पितळी कर्णे, वाजवणारे दोन म्होरके समोरासमोर उभे राहिले.

"मी पुढे वाजवतो, तुम्ही मागून साथ द्या," पहिल्याच दिवशी ते म्हणाले.

"आमच्याकडे मागून वाजवायची पद्धत नाही," मी म्हणालो.

"आमच्याकडेही नाही!"

रोज भांडण होई. पण जे काय ते तोंडावर. पाठीमागे एक अक्षर नाही. माझा सूर हलला की ते भर तालमीत मला थांबवत, मीही त्यांना सोडत नसे. मग मुरारच्या छावणीत त्यांच्या खोलीवर चहा. तो कुणी करायचा यावरून पुन्हा वाद, कारण दोघांनाही दुसऱ्याच्या हातचा चहा पांचट लागे.

अशात हुकूम आला. बँड ठेवायचा की मोडायचा, हे नवे साहेब मैदानावर ऐकून ठरवणार होते. सगळ्यांच्या चुली त्यावर अवलंबून होत्या. एकट्याने वाजवायची धून कर्नलना मिळाली. मी आतून जळत होतो. आणि त्या दिवशी ऐन रंगात त्यांच्या कॉर्नेटची कळ अडकली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलेदेखील नाही. गरजच नव्हती. ते श्वास कुठे घेणार हे मला ठाऊक होते, कारण मीही तिथेच घेतला असता. त्या श्वासाला मी धून उचलली. मैदानावर कुणाला काही कळले नाही.

साहेब उठून उभे राहिले. "बँड रहेगा! लीडर कौन है?"

"मैं," आम्ही दोघे एकदमच म्हणालो.

साहेब खळखळून हसले. "ठीक है, दोनों रहो."

परतताना कर्नल एवढेच म्हणाले, "दुसरा असता तर माझ्या खुणेची वाट बघत बसला असता." याहून मोठी शाबासकी मला कधी मिळाली नाही.

पुढे नवे राज्य झाले, भोपाळ राजधानी ठरली आणि त्यांची बदली तिकडच्या बँडात झाली. त्यांच्या जागी आलेला वादक फार गुणी, मी म्हणेन त्याला मान डोलावणारा. माझे वाजवणे दिवसेंदिवस आळसावत गेले.

मग भोपाळच्या एका संचलनात दोन्ही बँड एकत्र आले. कर्नलचे केस पिकले होते, छाती तशीच ताठ. आम्ही जीव तोडून वाजवले. लोक जागचे उठले. त्या टाळ्यांच्या गजरात कर्नल माझा खांदा गदागदा हलवत ओरडले, "अहो, आपल्यासारखा माणूस एकटा काही कामाचा नाही. दोन पाहिजेत!"