मशीनचं तोंड किती उंच

मी तापट आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला धक्का बसायला नको. आमच्या भातवाल्या शेतकऱ्यांच्या कंपनीत तुम्ही संचालक का झालात, असं आता लोक विचारतात. जुन्नरला एका प्रशिक्षणात मॅडमनी हेच विचारलं, तर रांगेतल्या एकूण एकानं समाजसेवेची आवड असं सांगितलं. माझी पाळी आली, मी म्हटलं, राग आला होता म्हणून झाले. सगळे हसले. पण ते उत्तर अर्धंच होतं.

आमचं गाव आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरात. शेअर काढून कंपनी उभी केली तेव्हा बायकांच्याही नावानं शेअर घ्या म्हणाले होते, म्हणून एक माझ्या नावावर होता. कंपनीनं भात भरडायचं मोठं मशीन आणलं. दहा संचालकांनी ठराव केला, मशीनला हार घातला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी मी पोतं घेऊन गेले, तर भात ओतायचं मशीनचं तोंड माझ्या डोक्याच्याही वर.

पोतं पाठीवर आणणं मला जड नाही. आमचे मालक टेम्पो चालवतात, चार-चार दिवस बाहेर असतात, शेतातलं सगळं मीच बघते. पण डोक्याच्या वर उचलून ते ओतायचं कसं? पहिल्याच दिवशी तोल गेला आणि निम्मं भात जमिनीवर. तिथं आमच्याच आळीतले एक संचालक होते, स्वतः पोती उचलणारे कष्टाळू गृहस्थ. ते हसले आणि म्हणाले, "मालकाला पाठवायचं की वैनी." सांडलेलं गोळा करताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेही रागानंच. पुढं दोन हंगाम तेच चाललं. दिसेल त्या गड्याला हाक मारायची, भाऊ, जरा एवढं ओतता का. तो मोकळा होईपर्यंत आम्ही बायका शेडच्या दारात उभ्या. चार विटांची पायरी तरी बांधा, असं मी चेअरमनना तीनदा सांगितलं. बोर्डापुढं ठेवतो म्हणाले, आणि कधी ठेवलं नाही.

मग संचालकाची एक जागा रिकामी झाली, तशी मी अर्ज भरला. मालकांनी कपाळाला हात लावला. पायरीसाठी कुणी संचालक होतं का, म्हणाले. मी म्हटलं, व्हायचं म्हणजे व्हायचं.

निवडीच्या सभेच्या दिवशी सकाळीच चेअरमन घरी हजर. चहा घेतला, चहाचं कौतुक केलं आणि मुद्द्यावर आले. "तुजी पायरी उद्याच बांधून देतो. गवंडी सांगितलाय. अर्ज तेवढा मागं घे, जागा माज्या पावण्याला पायजे."

दोन वर्षं जे मागत होते, ते समोरून चालून आलं होतं. जावेला सांगितलं, तर ती म्हणाली, घे की बाई, आपल्याला पायरीशी मतलब. तिचंही बरोबर होतं. मी अर्ज ठेवला आणि हरले, तर पायरीही जाणार होती आणि गावातल्या सगळ्या बायका मलाच शिव्या घालणार होत्या.

सभेला तासभर चालत जायचं होतं. वाटेत मी स्वतःलाच धारेवर धरलं. बाई, तुला नक्की हवंय तरी काय? खोटं कशाला बोलू, खुर्ची हवी होती. फळ्यावर नाव हवं होतं. त्या हसणाऱ्याचा पडलेला चेहरा बघायचा होता. हे सगळं बाजूला काढलं तरी काहीतरी उरतच होतं. चेअरमन पायरी देणार होते ती उपकार म्हणून. उद्या दुसरं मशीन येणार, तेही असंच उंच, आणि मी पुन्हा दारात उभी, भाऊ जरा ऐका म्हणत. मला काही मागायचंच नव्हतं. मशीन घ्यायच्या आधी, ते ठरवतात तिथं बसून बोलायचं होतं. हे कळलं आणि मी वाटेतच थांबले. लई हलकं वाटलं.

सभेत चेअरमननी माझ्याकडं बघितलं. मी उभी राहिले. "पायरी बांधायची तर बांधा. अर्ज राहू द्या," मी म्हटलं. मग सभेला विचारलं, हे मशीन घेताना भात ओतणाऱ्या एकीला तरी कुणी विचारलं होतं का? मतांसाठी माझं नाव पुकारलं तेव्हा मी मान खाली घालून बसले होते. शेजारणीनं ढोसलं, अगं वर बघ की. बघते तर बायकांचे हात वर होतेच, कितीतरी गड्यांचेही होते. सगळ्यात आधी जावेनं केला होता, असं मागाहून कळलं.

मी निवडून आले, आणि पायरीही त्याच महिन्यात झाली. खरी गंमत बोर्डाच्या पुढच्या मीटिंगला झाली. भात वाळवायचं मशीन घ्यायचा विषय होता. चेअरमननी कागद वाचला आणि सवयीनं म्हणाले, सगळ्यांना मंजूर? माझा सोडून सगळे हात वर. मी विचारलं, "याचं तोंड किती उंच हाय?" कुणालाच माहीत नव्हतं. आळेफाट्याच्या दुकानदाराला फोन लावला, त्यालाही सांगता येईना. मी म्हटलं, मग मंजूर कशाला करताय राव? शेवटी सगळा बोर्ड आळेफाट्याला गेला, मशीनला टेप लावली, आणि ते शेडमध्ये खड्डा घेऊन बसवायचं ठरवूनच आम्ही परतलो.

मशीन बसलं आणि तोंड बरोबर माझ्या कमरेला आलं. पहिलं पोतं मी ओतलं, कुणालाही हाक न मारता. काय सांगू, पेढ्याहून गोड वाटलं ते. दुसरं पोतं त्या हसणाऱ्या संचालकांनी ओतलं. ओतून झाल्यावर ते कमरेवर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले.

"लई बरं केलंत वैनी," ते म्हणाले. "त्या पयल्या मशीनपायी दोन वर्सं माजी कंबर धरलीया."

हसावं की चिडावं, मला कळेना. अहो, तुम्ही तर तेव्हाही संचालक होता, मग बोलला का नाही, असं मी विचारलं.

त्यांनी पोतं झटकलं, घडी घातली.

"मला तरी कुणी इचारलं व्हतं?"