हातावर फळ, मग दोरीवर शब्द

मन्नूबिया,

तू गेल्याच्या चाळीसाव्या दिवशी अंगणात जो तो सांगत होता, बाई किती शांत, किती सोशीक! मी कुसकुसचा घास तोंडात तसाच धरून ऐकत होते. तू आणि सोशीक? उत्तराला उशीर झाला की टेबलावर बोटं बडवणारी तू! असलं गुळमुळीत तुझ्या नावावर राहायला नको, म्हणून घडलं ते सगळ्यांना कळेल असं सरळ लिहून ठेवते. भिंतीपलीकडे मोठ्यांचा वर्ग माझा होता, आणि ती भिंत नावालाच होती. निम्मं मी ऐकलंय, निम्मं तूच सांगितलंयस. आता मध्ये बोलू नकोस.

मन्नूबिया जब्बा गावचीच. डोंगराखालच्या अंजिराच्या मळ्यांत वाढली, बेजा शहरात शिकली आणि पहिलीचा वर्ग घ्यायला परत आली. पुस्तक उघडलं तर पहिल्याच पानावर केळं. त्या काळी गावात केळं कोणी पाहिलेलं नव्हतं. हादी नावाच्या पोराने ते चित्र बघून ठणकावून सांगितलं, "चंद्र!" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मन्नूबियाने पुस्तक मिटलं ते मिटलंच.

"हातात येईल तेच वाचायचं," ती म्हणाली.

नियम असा झाला. ज्या मोसमात जे पिकेल ते फळ कोणीतरी तळहातावर घेऊन यायचं. ते सगळ्यांच्या हातांतून फिरायचं, हुंगायचं, कापायचं, खायचं. मग बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर बाई त्याचं नाव लिहायच्या, आणि ज्याने फळ आणलं त्याने ते दोरीवर अडकवायचं. दोरीची कल्पना मळ्यातली. जूनमध्ये आमच्याकडे नर-अंजिरं गवताच्या काडीत ओवून झाडांवर टांगतात. ती खायच्या कामाची नसतात, आतून नुसता भुसा, म्हणतात. पण ती टांगली नाहीत तर खायचं अंजीर सुपारीएवढं होऊन गळून पडतं. शाळेच्या खिडकीबाहेरचं झाड तसंच होतं. सरकारी झाड, त्याला माळ कोण घालणार? दरवर्षी सगळं गाळून मोकळं व्हायचं.

त्या वर्षी सप्टेंबरात अंजीर टांगलं गेलं, मग डाळिंब, मग संत्रं. वसंतात हिरवे बदाम आले, मग तुती, मग जर्दाळू. दोरी भरत गेली, पोरं घडाघडा वाचायला लागली. एक सोडून.

ती दलेल. खिडकीजवळ बसायची, पाटी छातीशी धरून. वर्षभरात तिने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. ना होय, ना नाही. आई-वडील नव्हते, आजी जाझियाने वाढवलेली. मे महिन्यात जाझियाने मन्नूबियाला झऱ्यावर गाठलं.

"काय बाई, पोरगी वाचते का?"

"अजून नाही."

"मग सुट्टी लागली की शेळ्यांमागे धाडते. शेळ्यांना वाचून दाखवावं लागत नाही."

"एक वर्ष पुन्हा बसू दे तिला, लेल्ला जाझिया," मन्नूबिया थोरलेपणाचा मान देऊन म्हणाली.

"पुन्हा? लेकरू आहे की कणीक, पुन्हा पुन्हा मळायला? या जूनपर्यंत तुझी. नंतर माझी."

जाझिया बोलली की बोलली. मन्नूबिया त्या दिवसापासून दलेलच्या बाकाशी जास्त वेळ थांबू लागली. कधी गोडीत, कधी चिडून. दलेल बघायची, बस्स.

जूनचा शेवटचा आठवडा आला. एका सकाळी दलेल उशिरा आली ती मूठ आवळून. टेबलापाशी येऊन तिने मूठ उघडली. आत हिरवं, टणक नर-अंजीर.

वर्ग खदखदला. खमीस ओरडला, "बाई, हे काय फळ आहे? गाढवसुद्धा हुंगत नाही!"

"आजीच्या माळेतलं ढापलंय!" दुसरं कोणी.

मन्नूबिया अडचणीत आली. नर-अंजीर आमच्या गावात कोणी कापत नाही. झाड रुसतं म्हणतात. शेकडो टांगली असतील तिने लहानपणापासून, आत काय असतं ते कधी पाहिलं नव्हतं. पण फळ तळहातावर आलं होतं.

"नियम कोणाचा?" तिने विचारलं.

"आमचा!"

"मग चाकू द्या."

दोन भाग झाले. आधी काहीच नाही. मग त्या भुशातून एक काळा ठिपका हलला, तिळाहूनही लहान, अंगभर पिवळी धूळ माखलेला. कडेवर येऊन थांबला. पंख ओले होते, ते वाळले. त्याच्या मागून दुसरा, मग दहा, मग मोजणंच संपलं. पहिलीचा वर्ग असा चिडीचूप झाला की मी माझं गणित टाकून दाराशी धावले. वाटलं, कोणाला तरी काही झालं. बघते तर सगळी डोकी त्या टेबलावर वाकलेली. चिलटं एकेक करून उडत होती, उजेडाकडे, खिडकीतून थेट बाहेरच्या झाडावर. उन्हात ती धूळ चमकत होती. मी पदवीधर बाई, मीही पोरांत घुसून वाकले.

"घर बदलतायत," कोणीतरी म्हणालं.

आवाज ओळखीचा नव्हता. दलेल बोलली होती.

मन्नूबिया, जिला क्षणाचा धीर नसायचा, ती मानही न वळवता हळूच म्हणाली, "कुठे चाललीत?"

"त्या झाडाच्या अंजिरात. फुलं आत असतात ना. आजी म्हणते, अंजिराला फुलं दाखवायची लाज वाटते."

मन्नूबियाने पुठ्ठ्यावर लिहिलं. दलेलने तो दोरीच्या टोकाला अडकवला, आणि मग मागे सरकून पहिल्या पुठ्ठ्यापासून वाचायला लागली. अंजीर. डाळिंब. संत्रं. बदाम. तुती. जर्दाळू. नर.

"ही तर..." खमीस म्हणाला.

"गप!" बाकीच्यांनी त्याला दटावलं.

पाठ असेल, मन्नूबियाला शंका. तिने दोरी सोडली, पुठ्ठे पत्त्यांसारखे पिसले. दलेलने तेही वाचले. एक पुठ्ठा उलटा निघाला, मागे दुकानाची छापील अक्षरं. दलेलने नाक खुपसलं. "अस्सल... चामडं. टिकाऊ."

मन्नूबिया पोरांच्या बाकावर जाऊन बसली. तिच्या बोटांना पिवळी धूळ लागलेली होती, ती तिने दिवसभर धुतली नाही.

तेवढ्यात जाझिया दारात. "माझ्या माळेतलं एक नर गेलंय!"

"इथेच आहे, लेल्ला. पण रिकामं झालं."

जाझिया तोंड सोडणार, तोच नातीने पुन्हा वाचलं, "अस्सल चामडं. टिकाऊ."

"टिकाऊ? मग माझे बूट का फाटले?" म्हातारी बोलून गेली, आणि मग कोण वाचतंय ते तिच्या ध्यानात आलं. जाताना एवढंच म्हणाली, "शेळ्या मी बघेन."

सप्टेंबरात सरकारी झाडाला पहिल्यांदा मूठभर अंजिरं पिकली. दुसरीतल्या दलेलने त्यातलं एक तळहातावर आणलं.

मन्नूबिया, एवढंच होतं सांगायचं. आता आपलं राहिलेलं. दलेल बेजाला औषधांच्या दुकानात आहे, तिलाही नातवंडं झाली. तू दर उन्हाळ्यात म्हणायचीस, चल, जाऊन विचारू तिला, वर्षभर ते सगळं आत ठेवून काय करत होतीस गं? कधी तुझे गुडघे, कधी माझे डोळे, कधी अंजिरांची घाई. बेजाची बस अजूनही झऱ्यापासूनच सुटते, सकाळचीच. आपण काही चढलो नाही.