डावा गुडघा

मी एका बाईशी खोटं बोललो, आणि तिचा खेळ संपला. हे मी आजवर घरात कुणापुढे उच्चारलेलं नाही – सुनीतापुढे, माझ्या बायकोपुढेसुद्धा नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही होत नाहीये.

कुठून सुरू करू? कामापासून करतो. तेवढं तरी सरळ आहे.

२००४ साली मी परदेशात, शॉमबर्ग गावातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत होतो. नागपूरहून आलेला, चाळिशीला टेकलेला, व्हिसावरचा माणूस. आमची कंपनी खेळांच्या व्हिडिओचं काम करायची. जवळच बायकांच्या बास्केटबॉलचा एक व्यावसायिक संघ होता. त्यांच्या सगळ्या मॅचेसचं आणि सरावाचं रेकॉर्डिंग माझ्याकडे यायचं. ते तुकड्यातुकड्यानं बघायचं आणि प्रत्येक तुकड्याची नोंद करायची – पास कुणी दिला, उडी कुणी मारली, बॉल कुठे गेला. खोलीला खिडकी नव्हती. आवाज मी बंद ठेवायचो, त्याचं काही काम नसायचं. दिवसभर माझ्यासमोर त्या बायका धावायच्या, तोंड उघडून एकमेकींना हाका मारायच्या, आणि खोलीत फक्त पंख्याची घरघर.

त्यातली एक मार्लीन. सत्तावीस वर्षांची. उन्हाळ्यात इथे खेळायची, हिवाळ्यात पोलंडला – या बायकांना वर्षातून दोन देशांत खेळल्याशिवाय भागत नसे. आधीच्या दोन संघांनी तिला सोडून दिलं होतं. त्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदाच सुरुवातीपासून मैदानात उतरत होती. मला ‘प्रोफेसर’ म्हणायची, माझ्या चष्म्यावरून. तिच्याबद्दल मी घरी इतकं बोलायचो की सुनीता एकदा म्हणाली, ‘माझ्याकडे पण बघत जा जरा. की मीही उड्या मारू?’

जूनमधल्या एका दुपारी मला ते दिसलं.

उडी मारून खाली येताना तिचा डावा पाय जमीन शोधत होता. काळोखात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून आपण पाय टाकतो ना? तसा. मग गुडघा आत वळायचा, दोन-तीन फ्रेम तसाच राहायचा, आणि पुन्हा सरळ व्हायचा. नेहमीच्या वेगात पाहिलं तर काहीच नाही. मी मागे नेलं, पुन्हा पाहिलं. जुनी रेकॉर्डिंग्ज काढली. मे महिन्यात हे आठवड्यातून एखाद्या वेळी व्हायचं. जूनमध्ये जवळजवळ रोज. काहीतरी पावलापावलानं जवळ येत होतं – आणि ते फक्त मला दिसत होतं.

मी एक वेगळी फाइल उघडली. ती कुणी करायला सांगितली नव्हती. तारीख, वेळ, किती फ्रेम.

हळूहळू मला दुसरं काही दिसेनासं झालं. मॉलमध्ये सरकत्या जिन्यावर मी माणसांचे चेहरे बघायचं सोडून पाय बघायला लागलो. आमच्या वरच्या मजल्यावरचे देशपांडे काका पार्किंगमध्ये चालताना उजवी टाच उशिरा टेकवायचे. दोन आठवड्यांनी ते तिथेच पडले. मी त्यांना गाडीतून दवाखान्यात नेलं. काकू म्हणाल्या, ‘नशीब तुम्ही जवळ होतात.’  मला ते आधीच दिसलं होतं याची भीती वाटली, आणि खरं सांगू? त्या भीतीत थोडं सुखही होतं.

जुलैत मार्लीन माझ्या खोलीत आली. खेळाडू अधूनमधून स्वतःचे तुकडे बघायला यायच्या. पाण्याची बाटली हातात, दाराला टेकून उभी. म्हणाली, ‘प्रोफेसर, तू दिवसभर मलाच बघतोस. माझ्या डाव्या पायात काही दिसतं का रे? तो मला – माझा वाटत नाही.’

माझ्या मागे पडद्यावर तीच होती. हवेत थांबलेली, डावा पाय जमीन शोधत असलेला. तिनं त्या चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘मस्त खेळते आहेस.’

तिनं सुटकेचा श्वास सोडला. तो श्वास मला अजून ऐकू येतो, इतका स्पष्ट. खांद्यावर थाप मारून ती सरावाला गेली. त्या दिवशी माझ्या फाइलीत एकेचाळीस नोंदी होत्या.

का नाही सांगितलं? मॅनेजरनं बजावलं होतं, मोजा, मतं देऊ नका. व्हिसा कंपनीच्या हातात होता. मी डॉक्टर नव्हतो. ही कारणं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितली आहेत की आता ती मला पाठ आहेत. त्यांतलं एकही खरं नाही. खरं काय ते येतंच आहे – जरा थांबा.

जुलैच्या शेवटी तिच्या बहिणीचं लग्न होतं, सेंट लुईसला. कोचला तिचं जाणं पसंत नव्हतं. ती गेली, आली, आणि तिसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, मॅच होती. मी कोर्टाच्या कडेला लॅपटॉप घेऊन बसलो होतो. सुनीता आणि आमची मुलगी मागच्या रांगेत. तिसऱ्या क्वार्टरमध्ये मार्लीननं बास्केटखाली उडी मारली. शेजारी कुणी नव्हतं. कुणाचा धक्का लागला नाही.

मी उभा राहिलो.

मग ती पडली. या क्रमानं. आधी मी उभा राहिलो, मग ती पडली. सगळा हॉल गप्प झाला, माझ्या त्या खोलीसारखा.

घरी जाताना गाडीत सुनीता म्हणाली, ‘तू आधीच उभा राहिलास.’ मी म्हणालो, पाय अवघडले होते. तिनं पुन्हा विचारलं नाही. पण तेव्हापासून जिना उतरायचा असला की ती बाजूला सरकते आणि मला पुढे जाऊ देते.

दुसऱ्या दिवशी ते रेकॉर्डिंग माझ्याचकडे आलं. कडेच्या टेबलापाशी तीन माणसं दिसत होती. दोघं बॉलकडे बघत होते. तिसरा तिच्या पायांकडे बघत होता. तो उठला, आणि त्याच्या चेहऱ्यावर – हसू होतं. मोठं नाही. गणित सुटल्यावर येतं तेवढं. चष्मा माझा होता, शर्ट माझा होता. मी ती फ्रेम थांबवून बसलो आणि मला त्या माणसाची भीती वाटली. मग त्या तुकड्याची सुरुवातीची चार सेकंदं मी कापून टाकली. फाइलही पुसली.

आता ते खरं. मला बरोबर ठरायचं होतं. कोणत्या खेळाडूला कधी दुखापत होईल हे आधी ओळखता येतं, असं मी कंपनीला दाखवणार होतो. त्यासाठी कुणीतरी पडायला हवं होतं. मी तिला सांगितलं असतं तर ती थांबली असती, पायाला व्यायाम दिला असता, आणि कदाचित पडली नसती – मग मी कसा बरोबर ठरलो असतो? मी सहा आठवडे एका बाईचा गुडघा मोडायची वाट पाहत बसलो होतो. ती पडली तेव्हा मला आनंद झाला.

एवढ्यावर तरी थांबलो असतो तर बरं. ऑपरेशननंतर ती सामान न्यायला आली, काखेत कुबड्या. कॉरिडॉरमध्ये मला गाठून म्हणाली, चूक तिचीच. बहिणीच्या लग्नात उंच टाचांवर रात्रभर नाचली. कोच नको म्हणत असताना गेली. बहीण रोज फोन करते, पण तिच्याशी बोलवत नाही, लग्नाचे फोटो बघवत नाहीत. मग तिनं विचारलं, ‘नाचल्यामुळेच झालं असेल ना?’

‘शक्य आहे,’ मी म्हणालो.

ती पुन्हा खेळली नाही. कोचनं दुसरी मुलगी घेतली, पोलंडचा संघही नाही म्हणाला. मी तिची बातमी काढत राहिलो, लांबून. पिओरिया शहराच्या पलीकडे एका शाळेत ती खेळ शिकवते, एवढं कळलं.

यंदाच्या मार्चमध्ये मी गाडी काढली. तीन तास दोन्ही बाजूंना कापलेल्या मक्याची रिकामी शेतं. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. जिममध्ये मुली उड्या मारत होत्या. मी त्यांच्या पायांकडे बघायचं टाळलं. तिनं मला ओळखलं, ‘प्रोफेसर!’ म्हणाली, हसली. मी विचारलं, बहीण कशी आहे? हसू गेलं. म्हणाली, बोलणं नाही. तिला मुलगा झालाय म्हणे.

मी कागद काढलाच नाही. प्रेक्षकांच्या बाकांपुढचा कठडा धरून उभा राहिलो आणि तिला म्हणालो, ‘मार्लीन, ते नाचल्यामुळे झालं नाही. लग्नाच्या पाच आठवडे आधीपासून तुझा गुडघा वळताना मी रोज बघत होतो. तू मला विचारलंस तेव्हा मला माहीत होतं. कुबड्या घेऊन आलीस तेव्हाही माहीत होतं. तू पडावंस असं मला वाटत होतं. मी तुझं आयुष्य बिघडवलं, आणि दोष तुझ्यावर राहू दिला. मला त्याचं फार वाईट वाटतं. तुझ्या बहिणीला हे सांग.’