काकांचं नाक आणि काकूंच्या बाटल्या

काकूंना नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. गल्लीत त्या सगळ्यांच्या थेंबकाकू होत्या. कोणाचं डोकं दुखो, कोणाला झोप न येवो, कोणाचं नाक चोंदो, माणूस दारात आलं की काकूंचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "थेंबभर हं. जास्त नाही."

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी साबणाच्या कारखान्यात काढली होती, तीही वासाच्या खोलीत. सुगंधी तेलांचे पिंप यायचे, त्यातलं थोडं कागदाच्या पट्टीवर घ्यायचं, नाकाखाली धरायचं आणि माल चांगला की परत पाठवायचा ते सांगायचं. काकू 'नाही' म्हणाल्या की साहेबसुद्धा पुन्हा विचारत नसत. निवृत्त होताना बाकीच्या बायकांनी भिंतीवरचं घड्याळ मागितलं. काकूंनी मागितल्या गडद काचेच्या रिकाम्या बाटल्या.

स्वयंपाकघरातल्या लाकडी कपाटात, शेगडीपासून लांब, त्या बाटल्या आता सुगंधी तेलांनी भरून ओळीने उभ्या असत. त्यांना दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. "ऊन आणि सैल झाकण, हे तेलाचे वैरी," असं त्या सांगत. बाटली कधी उघडली ते मात्र त्यांनी कधी लिहून ठेवलं नाही. मला कळतं ना, मग लिहायचं कशाला, हा त्यांचा हिशेब. आपल्या तेलाबद्दल त्या नाकावर माशी बसू देत नसत.

एकदा शेजारची शिंपीणबाई निलगिरीची बाटली हातात धरून म्हणाली, "काकू, हे चहात टाकलं तर लवकर गुण येईल का?"

"चहात साखर टाक. हे पोटात घ्यायचं नसतं. उघड्या अंगावर तसंच चोळायचं नाही आणि पोरांच्या हाती लागेल असं ठेवायचं नाही. तिळाच्या तेलात थेंबभर मिसळ आणि मानेला लाव. तरीही दुखत राहिलं तर सरळ डॉक्टरकडे जा. हे औषध नाही गं, सोबत आहे."

"सोबत म्हणे. माझा नवरा तरी कुठे सोबत करतो," शिंपीणबाई म्हणाली आणि बाटली पदरात गुंडाळून गेली.

काकूंचे यजमान बेकरीवाले. घर वर, भट्टी खाली. पाव भाजला की नाही हे काकांनी कधी घड्याळात पाहिलं नाही. ते कणिक मळत असोत की गिऱ्हाइकाशी बोलत असोत, मध्येच मान वर करून म्हणायचे, "काढा." ट्रे बाहेर यायचा तो बरोबर सोनेरी रंगावर. दोघांचं लग्न नाकावर जमलंय, अशी थट्टा सगळे करत.

मग काकांना तो ताप आला. ताप उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. साबण, चहा, पाव, कशालाच काही वास येईना. जेवण म्हणजे पुठ्ठा चावल्यासारखं. भट्टीचं काम लेकीने हातात घेतलं, गजर लावून ती पाव काढू लागली. काका दुकानाच्या पुढच्या खुर्चीवर बसून राहत, गिऱ्हाइकाला पिशवी देत, आणि आतून पाव बाहेर आला की मान दुसरीकडे फिरवत. काकूंना ती फिरवलेली मान दिसायची.

डॉक्टरीणबाईंनी खोटी आशा दाखवली नाही. "काहींना वास परत येतो, काहींना नाही. पण नाकाला सराव देऊन बघा. चार वेगवेगळे वास, सकाळ-संध्याकाळ, हळू हुंगायचे आणि तो वास कसा होता ते मनात आठवायचं." काकूंना वाटलं, इतकी वर्षं देवाने आपल्याला त्या खोलीत बसवलं ते याच दिवसासाठी.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. काका डोळे मिटून खाटेवर, काकू समोर स्टुलावर. पट्टीवर लिंबू, मग निलगिरी, मग गुलाब, शेवटी लवंग.

"काही येतंय का हो?"

"तुझ्या हाताला कांद्याचा वास असेल, तोही येत नाही. आता बोल."

बरेच आठवडे असेच गेले. मग एका सकाळी काका म्हणाले, "हे लिंबू वाटतंय." पुढच्या पट्टीला म्हणाले, "निलगिरी." मग गुलाब, मग लवंग. चारही बरोबर. काकूंनी हातातली पट्टी तशीच धरून देवाच्या तसबिरीकडे पाहिलं. त्या दिवसापासून काका एकदाही चुकले नाहीत. शिंपीणबाईपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना ही बातमी कळली. काकूंची मान जरा जास्तच ताठ झाली. शेवटी त्यांनीच लेकीला सांगितलं, "उद्या बाबांना भट्टीवर उभं कर. तो गजर बंद ठेव."

काका उभे राहिले. लेक पुढे दुकानात होती, काकू दारात, काका सांगतील म्हणून वाट बघत. भट्टीतून आधी बारीक धूर आला, मग दाट. काका भट्टीसमोर उभे होते, हात मागे बांधून, चेहऱ्यावर हसू ठेवून. लेक धावत आली तेव्हा पाव कोळशासारखा काळा झाला होता.

लेकीने खिडक्या उघडल्या. वर आल्यावर काकूंनी विचारलं, "मग रोज ओळखत कसे होतात?"

काकांनी उलट विचारलं, "तू क्रम कधी बदललास?"

तो कारखान्यातला नियम. हलक्या वासापासून जड वासाकडे जायचं, नाहीतर जड वास नाकात बसतो आणि पुढचं काही कळत नाही. ती शिस्त हाडात भिनलेली. क्रम बदलता येतो, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि काका पाढे म्हणावेत तसे त्यांना त्यांचाच क्रम परत ऐकवत होते.

"खोटं का बोललात?"

"तू रोज पट्टी धरून बसायचीस. मी 'नाही' म्हणालो की तुझं तोंड एवढंसं व्हायचं. एक दिवस 'लिंबू' म्हणून टाकलं. तू इतकी खूश झालीस, मग मागे फिरता येईना." मग जरा थांबून म्हणाले, "मला वाटलं, तोवर खरंच येईल."

काकू त्या दिवशी त्यांच्याशी बोलल्या नाहीत. राग त्यांच्यावर कमी होता, स्वतःवर जास्त. सगळ्या गल्लीला ऐकवलेलं होतं. पण दुसऱ्या सकाळी स्टूल पुन्हा खाटेसमोर होतं. पहिली पट्टी लवंगेची होती. जन्मात पहिल्यांदा काकूंनी लवंग आधी काढली, आणि हात असा अडखळला की जणू उलटी चप्पल घालून बाहेर पडल्या.

काका चुकले. दुसरी पट्टीही चुकली. सगळ्याच चुकल्या. "चुका," काकू म्हणाल्या, "पण खरं चुका."

काका खरं चुकत राहिले. मध्येच म्हणायचे, "काहीतरी थंड आहे." कधी म्हणायचे, "टोचतंय." काकू शाबासकी देत नसत आणि तोंड एवढंसं होऊ देत नसत. फक्त "बरं" म्हणून पुढची पट्टी धरायच्या. एकदा गुलाबाला काका म्हणाले, "हे आपल्या लेकीच्या लहानपणीचं आहे." काकूंनी तेव्हाही फक्त "बरं" म्हटलं, आणि डोळे पुसायला आत गेल्या.

आणि मग ती सकाळ आली. काकूंनी पट्टी धरली. काकांनी हुंगली, पुन्हा हुंगली आणि नाक मुरडलं.

"हे खराब झालंय."

"लिंबू आहे हो ते."

"लिंबू असेल. पण खराब झालंय. रंगाचा जुना डबा उघडल्यासारखा वास येतोय."

"माझी बाटली?" काकूंचा आवाज चढला. "आजवर माझी एक बाटली कधी खराब निघाली नाही."

"मग आज निघाली."

काकूंनी स्वतः हुंगून पाहिलं. त्यांना ते नेहमीचं लिंबूच वाटलं. त्यांनी खालून लेकीला बोलावलं, हात पिठाचे असतानाच. लेकीने पट्टी नाकाशी नेली आणि मान मागे घेतली. "आई, हे तर रंगारी वापरतात त्या तेलासारखं आहे."

काकूंनी कपाटातून लिंबाची नवी, सीलबंद बाटली काढून फोडली. एका नाकपुडीला जुनं, एकीला नवं. मग कळलं. रोज दोनदा उघडझाप होऊन त्या बाटलीत हवा शिरली होती, आणि तेल इतकं हळूहळू उतरत गेलं की रोज हुंगणाऱ्या नाकाला त्याची सवयच झाली. ज्या नाकावर कारखाना चालायचा त्याला पत्ता लागला नाही. पत्ता लागला तो काकांच्या नाकाला.

काकू काकांकडे बघत राहिल्या.

"काय झालं?" काका जरा घाबरून म्हणाले. "मी नुसतं खरं सांगितलं."

"चला खाली," काकू म्हणाल्या.

लेकीने गजर बंद केला नाही, फक्त उलटा ठेवला. काकांनी भट्टीकडे पाठ केली, मुद्दाम. आधी नुसती उष्ण हवा येत होती. मग त्यांची मान जरा वर झाली. गजर वाजायच्या आधी ते म्हणाले, "काढ." ट्रे बाहेर आला. एका कडेला पाव किंचित फिका होता.

"अजून जरा हवा होता," लेक म्हणाली.

"हो," काका म्हणाले. "घाई झाली माझी."

काकूंनी तो फिका पाव उचलून पदरात घेतला. वर जाऊन खराब लिंबाचं तेल त्यांनी कपाटाच्या दारावरचा चिकटपणा पुसायला वापरलं, बाटली धुऊन उन्हात पालथी घातली.

संध्याकाळी शिंपीणबाई मानेसाठी तेल मागायला आली. काकू दारातच उभ्या होत्या, मान ताठ.

"अगं, ऐकलंस का," त्या म्हणाल्या, "माझं लिंबू खराब निघालं."

शिंपीणबाईला वाटलं, काकूंना वाईट वाटलंय. "असू दे हो काकू, एखादी बाटली जाते."

"असू दे काय. कोणी ओळखलं ते विचार ना."